प्लंज सॉ : आपल्याकडच्या किचनला खरंच लागतो का?

आर्वीकर :
आर्वी-पुलगाव पट्ट्यात हल्ली ज्याला त्याला प्लंज सॉ, म्हणजे लांब पट्टीवर (रेलवर) सरकवत बोर्ड सरळ कापायचं गोल पात्याचं हातातलं मशीन, घ्यायचा आहे. व्हिडिओ पाहून. माझं मत सांगतो, पटलं नाही तर बोला. खेड्यातल्या किचनच्या कामाला हे मशीन लागत नाही.

प्लंज म्हणजे पातं वरून दाबत बोर्डच्या मधोमध उतरवता येणं. विलायती किचनमध्ये ओट्याचा वरचा भागच लाकडाचा किंवा बोर्डचा असतो. सिंकचं अन् शेगडीचं भोक त्यातच पाडावं लागते, तिथं याचा उपयोग. आपला ओटा ग्रॅनाइटचा, नाही तर कडप्प्याचा. सिंकचं भोक फरशीवाला डायमंड पात्यानं पाडतो. सुताराच्या वाट्याला खालच्या ट्रॉल्या, शटर अन् भिंतीवरचे कप्पे. पाइपसाठी बॅकला चौकोन पाडायचा असला तर उभ्या बारीक पात्याचा जिगसॉ आहे.

दुसरं म्हणजे आपण कोरा प्लाय आधी कापतो, मग सनमायका चिकटवतो आणि कडा ट्रिमरनं साफ करतो. कापताना किनार थोडी उडली तरी मायक्याखाली जाते. मग आपल्या साध्या 4 इंची कटरच्या कितीतरी पट पैसे कायले घालायचे? तेवढ्यात ट्रिमर आणि खाचा पाडायचा चांगला राउटर दोन्ही येते.

हिंगणघाटवाला :
तुमचा हिशेब सनमायक्याच्या कामाचा आहे. माझ्याकडे आता बहुतेक ग्राहक प्रीलॅम बोर्ड किंवा प्रीलॅम एचडीएचएमआर (ओलावा सोसणारा घट्ट दाबलेला बोर्ड) सांगतात. दोन्ही बाजूंचा रंग कारखान्यातूनच चिकटून येतो, झाकायला वरून काही नाही. उडलेली किनार शटरवर जन्मभर दिसते.

कटरचं पातं खालून वर येत लाकडाबाहेर निघते, म्हणून वरची बाजू फुटते. चांगली बाजू खाली ठेवा म्हणाल, पण दोन्ही बाजू चांगल्या असल्या तर कोणती खाली ठेवू? रेलच्या काठाला रबराची पट्टी असते. नवीन रेलवर पहिल्यांदा मशीन चालवलं की पातं ती पट्टी आपल्या मापानं कापून घेते. पुढं ती पट्टी बरोबर कापाच्या रेषेवर दाबून बसते आणि किनार फुटू देत नाही. आधी 2-3 मिमीची हलकी चीर मारायची, मग पूर्ण खोलीनं कापायचं. मकिता कंपनीच्या मशीनवर या चिरेसाठी वेगळा अडसरच दिला आहे. पातं मात्र 48 दातांचं लावा. सागवान फाडायचं 24 चं पातं प्रीलॅमवर चालवून मशीनला शिव्या देणारे पाहिले आहेत मी.

अन् प्लंज फक्त भोकासाठी नसतो. हात सैल सोडला की पातं वर जाऊन डब्यात लपते, तेही प्लंजमुळंच.

मूलचा मिस्त्री :
राजेहो, तुमी दोघंही बोर्डवाले. आमच्या इकडं आलापल्ली-बल्लारशाचं सागवान मिळते तं गिऱ्हाईक चौकट सागवानाचीच मागते. चौकट 5 बाय अडीच इंच. अडीच इंच म्हणजे 63 मिमीच्या वर. तुमच्या या मशीनचं पातं 160-165 मिमीचं, ते सरळ कापात 55 मिमीच्या आसपास उतरते अन् 45 अंशाले 40 च्या आसपास. चौकट एका दमात निघतच नाही. मले 9 इंची साधा सर्क्युलर सॉच बरा. ज्याचं अर्धं काम चौकटी-दारांचं हाय त्यानं या भानगडीत पडू नये.

आर्वीकर :
मिस्त्री, बरं झालं बोलले. हिंगणघाटवाले, तुमच्या बोलण्यातून मला एवढंच दिसते की फायदा रेलचा आहे. मग अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप दोन क्लॅम्पनं बांधून त्याला कटर टेकवून चालवा. काप सरळच येते.

दारव्हेकर :
सरळ येते, पण दर वेळी पात्यापासून कटरच्या पायापर्यंतचं अंतर मोजून पाइप मागं सरकवावा लागते. रेल रेषेवर ठेवली की झालं, मोजायचं काही नाही. शटर मापात असले की ट्रॉल्यांच्या फटी सारख्या दिसतात.

मला पैशापेक्षा बोटांचं बोलायचं आहे. आपल्याकडं कटर प्लायखाली उलटा बांधून टेबल करायची पद्धत आहे. पात्यावर झाकण नाही, मागं फट उघडी ठेवणारी सुरी नाही, बटण टेपनं चिकटवलेलं. 4 इंची कटर मुळात फरशीसाठी आहे. तो मिनिटाला 12-13 हजार फेरे घेतो, प्लंज सॉ 5-6 हजारांवर चालतो. लाकडाच्या पात्यावर किती फेऱ्यांपर्यंत चालवायचं ते छापलेलं असते, ते कोणी वाचत नाही. लाकूड पात्यात आवळलं की उलटा झटका बसतो आणि तेव्हा हात पात्याजवळच असतो. कोणत्याही गावच्या सुतार आळीत चक्कर मारा, हात पाहा.

धूळही आहेच. लाकडाच्या धुळीनं माणसाला कॅन्सर होतो हे 1995 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं नोंदवलं आहे, अन् बोर्डमध्ये वरून फॉर्मल्डिहाइडचा गोंद. कटर सगळा भुसा तोंडावर फेकतो. प्लंज सॉचं पातं डब्यात असते, व्हॅक्यूमचा पाइप लावला की बराचसा भुसा तिकडं जाते. घरात म्हातारे, लेकरं राहत असताना काम करतो आपण. पाइप लावून पाहा, घरची बाई चहा आनंदानं देते!

मेहकरचा :
दारव्हेकरांचं पटते, पण गावातली अडचण कोणी बोललंच नाही. बोर्ड 8 बाय 4 चा, मशीनसोबत येणारी रेल 1.4 मीटरच्या आसपास. उभा काप घ्यायचा तर दोन रेल जोडाव्या लागतात आणि जोडावर केसभर वाक आला की शटर वाकडं. अखंड 3 मीटरची रेल मोटरसायकलवर नेता का?

विकत घेताना आणखी एक पाहा. मकिता आणि फेस्टूलची रेल एकमेकांच्या मशीनला चालते, बॉशची वेगळी. मशीन एका कंपनीचं अन् रेल दुसऱ्याची असं स्वस्तात मिळते म्हणून, जुळते का ते न पाहता उचलू नका.

वीज तर विचारूच नका. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की व्होल्टेज खाली येते अन् मशीन मधेच दम टाकते. त्यात बारीक तारेचं लांब एक्स्टेंशन लावलं की संपलंच.

अकोल्याचा :
मग बॅटरीवालं घ्या. दोन 18 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारं मकिताचं येते.

मेहकरचा :
मे महिन्यात 45 डिग्रीत? तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, थंड व्हायची वाट पाहतो. अन् आपली बॅटरी राहते पत्र्याखाली.

आर्वीकर :
प्रीलॅमवाल्यांनी घ्यावं, एवढं मी मानतो. माझ्याकडं अजून सनमायकाच जास्त चालते, मी थांबतो. दारव्हेकर, बोटांचं म्हणता ते खरं, पण त्यासाठी आधी उलटा कटर बंद करा. तो बंद करायला एक रुपयाही लागत नाही.

दारव्हेकर :
बंद केला तर पट्ट्या कशावर फाडता? दोन-अडीच इंची पट्टीवर तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप कुठं टेकवता ते सांगा.

हिंगणघाटवाला :
पट्ट्यांत रेलही अडते, खाली टेकायला जागा नसते. त्याच जाडीचा दुसरा तुकडा बाजूला ठेवावा लागते. आमच्याकडं दोघा-तिघांनी मिळून एक मशीन घ्यायचं चाललं आहे.

मूलचा मिस्त्री :
घ्या बाप्पा घ्या. पातं मात्र ज्याचं त्यानं ठेवा. भाईबंदाले दिलेलं पातं खिळ्यावरून फिरून येते.