काचेच्या कौलातला कवडसा आणि कणादांचा परमाणू

कुळागरी (फोंडा):

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या देवळात व्याख्यान झालं. वक्ते बाहेरचे, गोड बोलणारे, सभामंडप गच्च. दीड तासात कळलं ते असं: कणादांनी अणू आधीच शोधला होता, अद्वैत म्हणजेच क्वांटम, दशावतार म्हणजेच डार्विन, आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजेच पृथ्वीचं वय. टाळ्या पडल्या. दोनचार मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आमच्या देवघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे. सकाळी आठच्या सुमाराला त्यातून तिरका कवडसा उतरतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो आणि तिच्याकडेच बघत राहिलो, कारण न्याय आणि वैशेषिक (कणादांचं) या दर्शनांचा परमाणू याच धुळीतून निघतो. जुनी टिपणं काढली. युक्तिवाद थोडक्यात असा: कवडशातला सगळ्यांत बारीक कणसुद्धा भागांचा बनलेला असणार. का? तर तो डोळ्यांना दिसतो, आणि जे दिसतं ते घड्यासारखं भागांचं असतं. मग त्या भागांचेही भाग. पण हे कुठेतरी थांबायला हवं, नाहीतर मेरू पर्वताचेही अनंत तुकडे आणि मोहरीचेही अनंत, म्हणजे दोघांचं माप एकच ठरेल! जिथे थांबतं तो परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि त्र्यणुक म्हणजे कवडशातला तो कण.

म्हणजे एका कणात परमाणू किती? सहा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धुळीचा कण घेतला, तर आजच्या हिशेबाने त्यात दहा लाख कोटींहून जास्त अणू निघतात. मग 'तेच ते' कसं म्हणायचं?

कणादांना कमी लेखायचं म्हणून हे लिहीत नाही. मोहरी आणि मेरूचा मुद्दा आजही ऐकणाऱ्याला दोन मिनिटं गप्प करतो. तक्रार एवढीच की व्याख्यानात उत्तर तेवढं सांगितलं, युक्तिवाद कुठे आलाच नाही. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, याच परमाणूवादाची चिरफाड केली आहे. निरवयव, म्हणजे भागच नसलेले, परमाणू एकमेकांना चिकटणार कसे? एका बाजूने चिकटले तर त्यांना बाजू आल्या, म्हणजे अवयव आले. पूर्ण चिकटले तर एकात एक विरघळतील, आकार वाढणारच नाही. आमच्या वक्त्यांनी मात्र एका दमात कणादही खरे ठरवले आणि शंकराचार्यही, दोघांनाही विज्ञानाचं सर्टिफिकेट. वादी-प्रतिवादी दोघंही जिंकले, असा खटला मी तरी पाहिलेला नाही.

तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_मास्तर (मडगाव):

असहमत, आणि जरा सविस्तर. मी तीस वर्षं हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवलं. श्रोडिंगरने क्वांटमचं समीकरण मांडलं १९२६ साली. त्याच्या आदल्या वर्षी तो आपलं जीवनदर्शन लिहीत होता आणि त्यात वेदान्त भरभरून आहे. १९४४ च्या 'व्हॉट इज लाइफ?' या जीवशास्त्रावरच्या पुस्तकाच्या शेवटीही आत्मा आणि ब्रह्म एकच हे उपनिषदांचं सूत्र त्याने आणलं. अणुबॉम्बवाला ओपेनहायमर बर्कलेत संस्कृत शिकला आणि गीता मुळातून वाचायचा. वेदान्तातून समीकरण निघालं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना हे दोन्ही कळत होतं त्यांना दोहोंत काहीतरी ओळखीचं वाटलं, ते उगाच नाही.

दुसरं. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, मध्ये केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन फिरतायत, हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढलं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पण त्या चित्राशिवाय पोरं आत येत नाहीत. देवळातलं व्याख्यान हेही तसंच चित्र. माझ्या काकांच्या पिढीने शाळेत पोर्तुगालचे राजे आणि नद्या पाठ केल्या, आपल्याकडेही कोणी विचार करत होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आज दोनशे माणसं ते ऐकून खूश होतात, तर तुम्ही कवडशातले अणू मोजत बसलात.

म्हापशेकर:

मास्तरांशी १००% सहमत. जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २००४ पासून नटराज उभा आहे, तो काय शोभेला? आणि एक सांगा, कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वी ४५४ कोटींची. बायबल मानणारं जग सहा हजार वर्षांच्या गप्पा मारत होतं तेव्हा आपल्याकडे कोटींचा हिशेब होता. योगायोग म्हणून सोडून द्यायचं?

कुळागरी:

नटराज भारत सरकारने भेट दिला, त्यांनी मानाने उभा केला. भेट म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या शोकेसमध्ये आयफेल टॉवर आहे.

मास्तर, तुमचं सूर्यमालेचं चित्र मान्य. पण बारावीत तुम्ही ते स्वतः पुसायचात ना? फळा पुसायला तिथे मास्तर होता. देवळातला फळा कोण पुसणार?

पंचपात्री:

मी पौरोहित्य करतो, म्हापशेकरांच्या हिशेबावर बोलायचा थोडा अधिकार सांगतो. चवथीला पंचवीसेक घरं फिरतो, प्रत्येक घरी संकल्प सांगतो: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे, अष्टाविंशतितमे कलियुगे. हा पत्ता आहे, काळातला. तो मांडून बघा. सहा मन्वंतरं, म्हणजे सहा मनूंचे काळ, संपली, प्रत्येकात ७१ महायुगं, म्हणजे चार युगांचे फेरे. सातव्यातली २७ महायुगं संपली, अठ्ठाविसाव्यातली तीन युगं संपली, कलीची पाच हजारांवर वर्षं गेली. मन्वंतरांचे संधिकाल धरून बेरीज होते सुमारे १९७ कोटी २९ लाख वर्षं.

४३२ कोटी ही दिवसाची पूर्ण लांबी. आपण त्या दिवसाच्या दुपारच्याही अलीकडे उभे आहोत. पृथ्वीच्या वयाशी जुळवायचाच तर १९७ चा आकडा जुळवावा लागेल, आणि तो निम्म्याहूनही कमी पडतो. वक्ते ४३२ सांगून थांबतात, कारण संकल्प पुढे म्हणत नाहीत. आम्ही रोज म्हणतो.

म्हापशेकर:

भटजीबाब, तुम्हीच असं बोलायला लागलात तर झालंच!

खारफुटी:

जीवशास्त्र शिकवते, म्हणून दशावतारांबद्दल लिहिते. मासा, कासव, डुक्कर, अर्धा सिंह, बुटका माणूस, पूर्ण माणूस. क्रम ऐकायला सुंदर आहे, मान्य. पण डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली, आणि अवतारांच्या क्रमात उत्क्रांती आहे हे थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हात्स्कीबाईंनी १८७७ साली छापलं. त्याआधीच्या इतक्या शतकांत एवढे भाष्यकार झाले, त्यांना हा अर्थ सुचला नाही. पेपर फुटल्यावर उत्तर जुळवायला अक्कल लागत नाही.

आणि कुठला क्रम धरायचा? भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे. त्यात वराह दुसरा, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. डुक्कर आधी आणि मासा मागून, मध्ये नारद, कपिल, दत्तात्रेय. भागवतकारांना प्राणिशास्त्र येत नव्हतं असं नाही, ते प्राणिशास्त्र सांगतच नव्हते.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. या जुळवाजुळवीमुळे मुलांच्या डोक्यात उत्क्रांती म्हणजे जिना असं बसतं. खाली मासा, वर आपण. मग दरवर्षी तो प्रश्न येतो, माकडाचा माणूस झाला तर आजची माकडं का उरली? अरे, बाजारातला इसवण (सुरमई) आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. आपण जितका काळ बदलत आलो तितकाच तोही आला. तो मासा म्हणून उत्तम आहे, माणूस व्हायचा राहिलेला नाही. नैसर्गिक निवडीला कुठे पोचायचं नसतं. अवतार मात्र काम घेऊनच येतो, 'धर्मसंस्थापनार्थाय'. जिथे हेतू हाच जीव आहे, त्याला हेतू नसलेल्या प्रक्रियेचं नाव देऊन तुम्ही दोन्ही घालवता. लहानपणी काल्याला, दशावतारी खेळात, शंखासुर बघून मी पोट धरून हसले आहे. वेद पळवणारा राक्षस आणि त्याला मारणारा मत्स्य, ही गोष्ट डेव्होनियन काळातल्या माशांची करून टाकली तर त्यात उरतं काय?

बांधावरून:

अवांतर: आमच्या सातेरी देवीच्या गाभाऱ्यात रोयण (वारूळ) आहे. परवा एकजण सांगत होता, वारुळात नैसर्गिक एसी असतो हे पूर्वजांना ठाऊक होतं म्हणून पूजा सुरू झाली. आमची आजी म्हणायची, ती भूमी आहे, आई आहे, म्हणून. एसीला कोण कशाला हात जोडेल?

निवृत्त_मास्तर:

खारफुटी, जिन्याचा मुद्दा पटला, पेपर मीही तपासले आहेत. कल्पाचं गणितही पटलं. पण क्वांटमबद्दल कोणी बोललं नाही. निरीक्षकाशिवाय घटना पुरी होत नाही, हे भौतिकशास्त्राने विसाव्या शतकात म्हटलं. इथे 'द्रष्टा' आणि 'साक्षी' हे शब्द किती जुने आहेत! निदान हे नातं तरी मानाल?

पंचपात्री:

मास्तर, तुमच्याकडूनच शिकायचं आहे. त्या दोन फटींच्या प्रयोगात बघणारा माणूसच लागतो का? खोली बंद करून आत नुसतं यंत्र ठेवलं आणि कण कुठल्या फटीतून गेला हे त्याने नोंदवलं, तर?

निवृत्त_मास्तर:

तरी पडद्यावरची पट्ट्यांची नक्षी जाते. माणूस लागत नाही. नोंद कुणी वाचली नाही तरी चालतं.

पंचपात्री:

मग तो साक्षी नव्हे. आमच्याकडे साक्षीचं लक्षणच असं की तो काही करत नाही. अकर्ता. तो असल्याने दिव्याची ज्योत हलत नाही. तुमच्या मोजमापाने कणाचं वागणं बदलतं. एक बघून बदलवणारा, दुसरा काहीही न बदलवणारा. नातं आहेच म्हणाल तर उलटं आहे.

आणखी एक. शंकराचार्यांचं गीताभाष्य, अठराव्या अध्यायाचा ६६ वा श्लोक. तिथे ते म्हणतात, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांनी आणि अनुमानाने कळतं तो श्रुतीचा प्रांतच नाही. हे मी म्हणत नाही, अद्वैताचे आचार्य म्हणतात. उद्या प्रयोगशाळेत ब्रह्म सापडलंच, तर ज्याचं मोजमाप झालं ते ब्रह्म नव्हे असं मला म्हणावं लागेल. वक्त्यांना वाटतं ते धर्माची बाजू घेतायत. मला वाटतं ते आमची कूळवहिवाट दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवतायत. (आमच्या गोव्यात त्या उताऱ्याला एक-चौदा म्हणतात, पण समजून घ्या.)

कुळागरी:

धागा काढल्याचं सार्थक झालं!

निवृत्त_मास्तर:

थांबा, एवढ्यात सार्थक नको. भटजींनी मला निरुत्तर केलं, हरकत नाही. पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे. दोनशेतली किती माणसं तर्कसंग्रह (न्याय-वैशेषिकाची पहिली पोथी) उघडणार आहेत? चुकीचं का होईना, त्या रात्री वैशेषिक हा शब्द त्यांच्या कानांवर पडला. तुमच्या शुद्ध मार्गाने तोही पडला नसता. तुम्ही स्वतः जुनी टिपणं काढलीत ती कुणामुळे? त्याच व्याख्यानामुळे.

कुळागरी:

हे मात्र खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

डिचोलीकर:

आमचा धंदा मातीचा, तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही. पण सगळीकडे घट घट चाललंय म्हणून विचारतो. तुमच्या ग्रंथांत मडकं भाजायची गोष्ट आहे का कुठे?

कुळागरी:

भाऊ, आहे, आणि कडाक्याचं भांडण आहे! कच्चा घडा सावळा, भाजला की तांबडा. रंग बदलतो तो कुठे? वैशेषिक म्हणतात, आगीत घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणू तांबडे होतात, मग पुन्हा घडा जुळतो. इतक्या झटपट की आपल्याला कळत नाही. हा पीलुपाकवाद, पीलू म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणतात, काहीतरीच, भट्टीत ठेवला तोच घडा बाहेर आला हे आम्ही ओळखतो, मग तो मध्येच नाहीसा कसा होईल? अख्खा घडाच रंग बदलतो. हा पिठरपाकवाद, पिठर म्हणजे भांडं.

डिचोलीकर:

सुटा झाला तर मी चाक फिरवलं कशाला? पण एक आहे. भट्टी कमी पडली की मडकं वरून तांबडं दिसतं, फोडलं की कडेला तांबडं आणि मध्ये काळी रेघ. म्हणजे रंग बाहेरून आत जातो, हळूहळू. झटपट काही होत नाही, आणि अख्खं मडकंही एकदम होत नाही.

निवृत्त_मास्तर:

वा! आतला काळेपणा न जळलेल्या कार्बनचा, तांबडेपणा मातीतल्या लोखंडाला ऑक्सिजन मिळाला त्याचा. हवा आत पोचायला वेळ लागतो, म्हणून रेघ. आणि गंमत म्हणजे एकट्या अणूला तसा तांबडा-काळा रंगच नसतो, तो अणू कसे बांधले गेलेत त्यावर ठरतो. म्हणजे पीलुवालेही अडले.

कुळागरी:

मास्तर, हेच देवळात बोला की. पुढच्या महिन्यात एक संध्याकाळ रिकामी आहे, मी समितीला विचारतो.

निवृत्त_मास्तर:

बोलेन. पण सुरुवात सूर्यमालेच्या चित्रानेच करणार, आधीच सांगून ठेवतो. आणि डिचोलीकर, ते काळ्या रेघेचं खापर एक लागेल.

डिचोलीकर:

एक कशाला, पावसाळ्यातली अर्धी भट्टी तशीच निघाली. टोपलीभर पाठवतो.