नववीतल्या मुलीला शिक्षिका व्हायचंय, तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न: माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणते, "मॅडम, मला शिकवायचंच आहे." हुशार आहे. पण पाचवीच्या मुलांना अपूर्णांक समजावताना प्रश्न विचारते आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकते. नुसतं 'छान' म्हणून सोडून देऊ का?

खडूवाली: अजिबात नको! अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजून पाहिलं होतं: प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात. मी अशा मुलांना पाठीमागे हात धरून तीन बोटं सावकाश मिटायला लावायचे. जीव जातो त्यांचा.

निवृत्त मास्तर: सूक्ष्म अध्यापन करून बघा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. चार-पाच मुलं, पाच-दहा मिनिटं, एकच कौशल्य, मग चर्चा आणि तोच पाठ पुन्हा. पहिल्याच वेळी पाठाचं व्हिडिओ चित्रण मात्र नको. मी केलं होतं, पोरगा आठवडाभर फळ्याकडे फिरकला नाही.

प्रश्नकर्ती: आज बोटांचा प्रयोग केला. दुसऱ्याच बोटाला तिचा धीर सुटत होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "छेद मोठा म्हणजे तुकडा लहान ना, ताई?"