पॅलेस्ट्रिना ऐकताना कुठला आवाज धरायचा?

लष्करवाली (ग्वाल्हेर)
मी ग्वाल्हेर गायकी शिकते. भाचा सुट्टीवर आलाय, त्याने सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिना याचा 'मिस्सा पापे मार्चेल्ली' हा मास, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीचं गाणं, ऐकवला. 1567 ला छापलेला, सहा आवाजांचा. सुरेल आहे यात वादच नाही, पण गातंय कोण आणि साथ कोण करतंय तेच कळेना. समेची वाट बघत बसले, ती काही आली नाही. शब्द तर त्याहून गूढ. आमच्या ख्यालाला 'बोल कळत नाहीत' म्हणून नावं ठेवणारे कुठे गेले? यात कान कुठे ठेवायचा?

कोरसमधला (पुणे)
ताई, साथ कोणीच करत नाही, सगळेच गवई. एकाने उचललेला तुकडा दुसरा थोड्या वेळाने वेगळ्या सुरावरून उचलतो, मग तिसरा. आधी वरचा आवाज सोडा, खालचा बास धरून शेवटपर्यंत जा. शब्दांचं म्हणाल तर मासमधले ग्लोरिया आणि क्रेडो हे भाग ऐका. मजकूर लांबलचक, म्हणून तिथे बरेचदा पुष्कळ आवाज एकच अक्षर एकदम म्हणतात. सुरुवातीचं कीरिए दोन-तीन शब्दांचं, तिथे हवं तेवढं विणकाम. चर्चमधलं बहुस्वरी गाणं बंदच होणार होतं आणि या एका मासने ते वाचवलं, ही गोष्ट मात्र मागाहून रंगवलेली आहे.

लष्करवाली
बास धरला, क्रेडो उलगडला! ती बंदीची गोष्ट भाच्यानेही सांगितली होती. म्हणे 1562 ला त्रेंतोच्या कॅथलिक धर्मपरिषदेत चर्चसंगीतावर चर्चा झाली. त्याच वर्षी आमचा तानसेन रीवा सोडून अकबराकडे गेला. आता दुसरी शंका. यांचा गंधार आमच्या पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला का लागतो? आणि गोड का लागतो?

जवारीवाला (बडोदा)
कारण तो तुमच्या तानपुऱ्यातलाच गंधार आहे. खर्जाची तार नीट जुळली की आपोआप ऐकू येतो तो, 'सा'शी कंपनांचं 5:4 नातं असलेला. व्हेनिसचा संगीतशास्त्रकार झार्लिनो याने 1558 च्या ग्रंथात हाच गंधार धरला. पेटीचा साधारण 14 सेंट चढा असतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट), आणि चांगले गायक बिनसाथीचे गाताना पेटीचा हिशेब पाळत नाहीत.

पण त्यांची एक पंचाईत होती. सा बदलत राहायचा, आणि प्रत्येक जोड शुद्ध ठेवत गेलं की सगळी पट्टीच हळूहळू सरकायची. बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने ते आकडे मांडून दाखवलं, 1585 ला छापलंसुद्धा. आपला तानपुरा सा सोडतच नाही, म्हणून आपण सुटलो.

लष्करवाली
म्हणजे पेटी बाजूला ठेवून ऐकायला हवं. गुरुजींना सांगते, त्यांना पेटी तशीही खपत नाही. पुढे काय ऐकू?

कोरसमधला
जोव्हान्नी गाब्रिएली हा संगीतकार. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या सज्जांत उभे करून सवालजवाब चालायचे. 1597 चं 'सोनाता पियान ए फोर्ते' लावा, पण हेडफोन नको. दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना ठेवा आणि मध्ये बसा.