मदत हवी आहे: ही कात टॅरँट्युलाची (मोठ्या केसाळ कोळ्याची) का?

नमस्कार मंडळी. सावंतवाडीकडे आजोळी जांभ्याच्या गडग्यात कोळ्याची अख्खी कात मिळाली, सुळ्यांसकट. भिंगातून पाहिलं तर दोन्ही सुळे समांतर, कुदळीसारखे खाली वळलेले. घरात भिंतीवर फिरणाऱ्या मोठ्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, म्हणजे तो नव्हे. आकसलेलं पोट पाण्यात भिजवून उलगडलं, तर पुस्तक-फुफ्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या श्वसनाच्या अवयवांच्या) दोन जोड्या दिसल्या. (आई म्हणते, आधी ते ओट्यावरून उचल.)

अडलंय इथे: सुळ्यांची आणि फुफ्फुसांची ही खूण झाकणाचं बीळ करणाऱ्या कोळ्यांतही असते, पण त्यांच्या जबड्यावर माती उकरायला राठ काट्यांची रांग असते ना? माझ्याकडे तिथे नुसते केस आहेत, आणि पायांच्या टोकांना मऊ झुबके. मग टॅरँट्युलाच धरू का? जातीपर्यंत पोहोचायला आणखी कशाचा फोटो टाकू?