अरे-तुरे आणि अहो-जाहो : मुंबईतले तुमचे अनुभव सांगा

गिरगावकर

आमच्या बिल्डिंगचे वॉचमन साठीच्या घरात आहेत. मागच्या आठवड्यात माझी आठ वर्षांची मुलगी गॅलरीतून ओरडली, "ए वॉचमन, माझा बॉल दे ना!" मी रागावलो. ती म्हणाली, "बाबा, तू पण तसंच बोलतोस." खरं होतं. मी रोज खाली उतरताना "अरे, पाणी आलं का रे?" असंच विचारत होतो. वडिलांच्या वयाच्या माणसाला.

दुसऱ्या दिवसापासून "अहो काका" म्हणायला लागलो. पहिले दोन-तीन दिवस ते बावरले. माझं काही चुकलं का साहेब, असं त्यांनी विचारलं. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आपल्या भाषेत तू आणि तुम्ही यांच्यामध्ये बराच मोठा उंबरठा आहे. या गर्दीच्या शहरात तुम्ही कुणाला काय म्हणता, तुम्हाला कोण काय म्हणतं, आणि त्याचं बरं-वाईट काय वाटलं? सविस्तर लिहा.

लेडीज डबा, डोंबिवली

आमच्या डब्यात शिरल्याबरोबर विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली घाटकोपर, की ती सीट आपली. कागद नाही, पावती नाही, पण बायका तो शब्द पाळतात. 2014 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हापासून घाटकोपरला बऱ्याच जणी उतरतात, त्यामुळे त्या सीटला मागणीही फार.

एकदा मी सांगून ठेवलेल्या सीटवर दुसरीच बसली. "अहो, मी विचारलं होतं" इथून सुरुवात झाली आणि दादर यायच्या आत दोघी तू-तू-मैं-मैंवर आलो. भांडणात आधी 'तुम्ही' गळून पडतं, बाकीचं मागून येतं. दिवसभर ऑफिसात कामात लक्ष लागलं नाही.

चार दिवसांनी तीच बाई दिसली. मी दोन सीटच्या मधल्या जागेत कशीबशी उभी होते. तिने मांडीवरची पर्स उचलली, तिघींच्या बाकावर सरकली आणि म्हणाली, "ये गं, चौथी सीट घे." तेच 'तू', पण या वेळी किती बरं वाटलं! तेव्हापासून आम्ही एकमेकींना तूच म्हणतो.

वरळी कोळीवाडा

वरच्या पोस्टमधल्या शेवटच्या ओळीसाठी लिहितेय. आमच्या बोलीत सगळ्यांनाच तू. माझ्या आजोबांना मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तू म्हटलं आणि त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसले नाही. दोन्ही एकाच घरात.

आई मार्केटात बसते. "ये गो बाय, ताजा बांगडा हाय, घे," ही तिची हाक. एका गिऱ्हाईक बाईंनी चारचौघांत सुनावलं, "मला तू म्हणायचं नाही. शिकलेल्या माणसांशी कसं बोलतात ते शिका जरा." आईने काही उत्तर दिलं नाही. आता ती अनोळखी गिऱ्हाइकाशी जपून, मोजून 'तुम्ही' म्हणत बोलते. पूर्वीसारखी बोलत नाही, हसतही नाही. अपमान नेमका कुणी कुणाचा केला, हे मला अजून त्या बाईंना विचारावंसं वाटतं.

अंधेरी ईस्ट

माझं छोटंसंच. आपली बम्बैया हिंदी, "तेरे को किधर जानेका है" वाली. टॅक्सीवाल्याशी मी तशीच बोललो. बनारसकडचे वयस्कर गृहस्थ होते. पूर्ण रस्ताभर मला "आप" म्हणत राहिले. उतरताना माझ्याही तोंडून आपोआप "आप" आलं. तेव्हापासून 'भैया' ही हाकही सोडली, कारण आपल्याकडे ती कुठल्या सुरात मारली जाते ते आपल्याला माहीत आहे.

निवृत्त सिस्टर, परळ

सरकारी वॉर्डात तीस वर्षं काढली. खाटा चाळीस, पेशंट साठ, उरलेले जमिनीवर गाद्या घालून. नाव कुणाचं लक्षात राहणार? "ए चौदा नंबर, गोळी घेतलीस का?" ही आमची रोजची भाषा. तेव्हा त्यात काही गैर आहे असं वाटतही नसे.

चौदा नंबरला एक आजोबा होते. गिरणीतले, 1982 च्या संपात नोकरी गेलेले. सतरा दिवस एका शब्दाने तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी टोपी घातली, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, साचे खात्यात, मागांवर, मी जॉबर होतो, म्हणजे मुकादम. शंभर माणसं मला नावानं मान द्यायची. इथं चौदा नंबर झालो." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर मी राऊंडला आधी केसपेपरवरचं नाव वाचायला लागले. "अहो आजोबा" म्हणायला "ए" पेक्षा वेळ किती जास्त लागतो? काही लागत नाही. मात्र हेही सांगते, की नातेवाईक आमच्यावर "ए बाई" म्हणून धावून येत, तेव्हा डबल ड्युटीवरच्या पोरीने तोंडात साखर ठेवावी ही अपेक्षा मी कधी केली नाही. थकलेल्या माणसाकडून मान मागताना त्याचा थकवाही बघावा लागतो.

पवईतून

सगळ्यांचं वाचलं. माझी आई घरकाम करायची, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

एका घरात तिला सगळे "मावशी, अहो मावशी" म्हणत. लहान मुलंसुद्धा. पण चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. दुसऱ्या घरातल्या आजी "अगं ए, कुठे उलथली होतीस?" असं ओरडत, आणि जेवताना स्वतःच्या ताटाशेजारी आईचं ताट मांडत. माझ्या दहावीच्या क्लासची फी त्यांनी भरली आणि कुणाला सांगितलं नाही.

आई दोन्ही घरं धरून होती, पैसे दोन्हीकडचे लागत. पण आजी गेल्या तेव्हा तिने चार दिवस काम बंद ठेवलं.

गिरगावकर

पवईचा अनुभव वाचून काल खाली गेलो आणि वॉचमन काकांना सरळ विचारलं, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "गावाला मला आबा म्हणतात." आज सकाळी मुलीने हाक मारली, "आबा, माझा बॉल द्याल का?" ते खुर्चीवरून उठून बॉल घेऊन जिन्यापर्यंत आले.

मी म्हटलं, आता तुम्हीही मला साहेब म्हणू नका. त्यावर म्हणाले, "ते राहू द्या. मी ड्युटीवर आहे."