पहिल्या अणुवीज कार्यक्रमाची ‘नियामक चौकट’ : नेमके शब्द कोणते वापरावेत?

विचारणा

ज्या देशात आजवर एकही अणुवीज केंद्र नाही, तो देश पहिले केंद्र उभारायचे ठरवतो तेव्हा अणुभट्टीच्या आधी त्याला कायदा, नियम आणि ते अमलात आणणारी संस्था उभी करावी लागते. या तयारीविषयी मी एक दीर्घ लेख मराठीत लिहीत आहे. ‘रेग्युलेटरी फ्रेमवर्क’ या संज्ञेसाठी ‘नियामक चौकट’, ‘नियंत्रण यंत्रणा’, ‘विनियामक आराखडा’ आणि ‘नियमन व्यवस्था’ असे पर्याय माझ्या वाचनात आले. यांपैकी कोणता शब्द नेमका ठरेल? ‘लायसन्स’ला परवाना म्हणावे की अनुज्ञप्ती, आणि ‘सेफ्टी’ व ‘सिक्युरिटी’ या दोहोंना सुरक्षा म्हटले तर काही बिघडते का, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कोशातल्या प्रतिशब्दासोबत त्यामागचा अर्थभेदही सांगितला तर मी आभारी राहीन.

प्रतिसाद

या विषयात संस्थेच्या कामासाठी ‘नियंत्रण’ हा शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अणुभट्टीच्या संदर्भात नियंत्रण ही एक प्रत्यक्ष क्रिया आहे. नियंत्रण कक्षात बसलेला चालक न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे खाली-वर करून साखळी अभिक्रियेचा वेग राखतो, आणि हा चालक केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा माणूस असतो. नियामक संस्थेचा निरीक्षक त्याच कक्षात उभा असला तरी तो बटणांना हात लावत नाही. चालकाचे प्रशिक्षण, नोंदवह्या, चाचण्यांचे निकाल आणि परवान्याच्या अटींचे पालन एवढेच तो पाहतो. या निरीक्षकाच्या संस्थेला आपण ‘नियंत्रक’ म्हटले, तर केंद्र तीच चालवते आणि काही बिघडले तर जाब तिलाच विचारायचा, असा वाचकाचा समज होणारच.

हा समज चुकीचा का, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षिततेच्या दहा मूलभूत तत्त्वांमधील पहिलेच तत्त्व सांगते : सुरक्षिततेची प्रमुख जबाबदारी ते केंद्र चालवणाऱ्याचीच असते. १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आणि १९९६ पासून अमलात असलेल्या अणुसुरक्षितताविषयक आंतरराष्ट्रीय करारातही ही जबाबदारी परवानाधारकाची असल्याचे वेगळ्या कलमात नोंदवले आहे. नियामकाने तपासणी केली म्हणून ती त्याच्याकडे सरकत नाही. म्हणून ‘नियमन’ हाच शब्द योग्य आहे. त्याच करारातील सातव्या कलमात नियमनाची अंगे सांगितली आहेत : राष्ट्रीय पातळीवरील सुरक्षितता-आवश्यकता आणि विनियम ठरवणे, परवान्याची पद्धत लागू करून विनापरवाना केंद्र चालवण्यास मनाई करणे, तपासणी व मूल्यमापन करणे, आणि पालन झाले नाही तर परवाना स्थगित किंवा रद्द करण्यापर्यंतची कारवाई करणे. यांपैकी शेवटचे अंग मराठी लेखनात फार वेळा गळते आणि नियामक म्हणजे सल्लागार मंडळ असे चित्र उभे राहते.

आता ‘चौकट’ की ‘व्यवस्था’. चौकट म्हटले की आखून दिलेल्या मर्यादा डोळ्यांसमोर येतात, म्हणून कायदा आणि विनियमांच्या संचाला तो शब्द शोभतो. मात्र पहिल्या कार्यक्रमाच्या संदर्भात ‘रेग्युलेटरी फ्रेमवर्क’ म्हटले जाते तेव्हा त्यात माणसेही अभिप्रेत असतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अणुवीज कार्यक्रमाच्या पायाभूत तयारीचे टप्पे सांगणारा दस्तऐवज २००७ मध्ये काढला. त्यात तयारीचे १९ विषय आणि तीन टप्पे दिले आहेत, आणि वैधानिक चौकट व नियामक चौकट हे त्यांतील दोन स्वतंत्र विषय आहेत. कायदा संमत झाल्याने पहिला विषय पुष्कळसा पुरा होतो, दुसरा तेव्हा कुठे सुरू होतो. संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण पाहावे. तेथील अणुविषयक कायदा आणि नियामक संस्था २००९ मध्ये आली, बराका येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा बांधकाम परवाना जुलै २०१२ मध्ये दिला गेला, आणि पहिल्या अणुभट्टीचा संचालन परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. आरंभी ही भट्टी २०१७ मध्ये सुरू होईल अशी अपेक्षा होती. अर्जासोबत येणारा सुरक्षितता विश्लेषणाचा हजारो पानांचा अहवाल वाचून त्यावर प्रश्न उपस्थित करणारे अभियंते ज्या संस्थेकडे आहेत, तिलाच अशा वेळी ‘अजून नाही’ असे म्हणता येते. म्हणून कायद्यापुरते बोलताना ‘चौकट’, आणि कायदा, संस्था, माणसे व कार्यपद्धती हे सारे मिळून बोलताना ‘नियमन व्यवस्था’, असा भेद आपण लेखात आरंभीच करावा.

‘आराखडा’ मात्र टाळावा. आराखडा हा पुढे करायच्या कामाचा असतो. अमलात असलेल्या कायद्याला आराखडा म्हटले तर तो मसुदाच आहे असे वाटते.

विचारणा करणाऱ्याकडून

हा भेद मला पटला. यातून पुढचा प्रश्न उद्भवतो : नियामक संस्था ‘स्वतंत्र’ असावी असे लिहावे की ‘स्वायत्त’ असावी असे? सरकारनेच नेमलेल्या आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेला स्वतंत्र म्हणताना मन कचरते.

प्रतिसाद

आपला संकोच रास्त आहे, आणि करारातील शब्दयोजना पाहिली तर तो दूरही होतो. आठव्या कलमात अपेक्षा आहे ती अणुऊर्जेचा प्रसार किंवा वापर करणाऱ्या संस्थेपासून नियामक संस्थेच्या ‘परिणामकारक विलगतेची’. म्हणजे ‘कोणापासून’ हे सांगितल्याशिवाय ‘स्वतंत्र’ हा शब्द या विषयात अपुरा राहतो. संसदेला उत्तरदायी असणे, न्यायालयात निर्णयाला आव्हान मिळणे, लेखापरीक्षण होणे यांनी नियामकाच्या स्वातंत्र्याला बाधा येत नाही. बाधा येते ती वीज विकण्यात किंवा प्रकल्प वेळेत पुरा होण्यात ज्याचा हितसंबंध आहे त्याच्या हाती नियामकाची नेमणूक, निधी किंवा बढती असली तर. ‘स्वायत्त’ हा शब्द अंतर्गत कारभारापुरता ठीक आहे. विद्यापीठ स्वायत्त असते त्या अर्थाने. आपल्या संदर्भात ‘प्रवर्तक यंत्रणेपासून विलग’ असे एकदा पूर्ण लिहावे आणि मग ‘स्वतंत्र’ वापरावे.

ही विलगता जुन्या अणुदेशांनाही आरंभी साधली नव्हती. अमेरिकेत अणुऊर्जा आयोग प्रसाराचे आणि नियमनाचे काम एकत्रच पाहत असे. १९७४ च्या कायद्याने तो विभागला गेला आणि जानेवारी १९७५ पासून नियामक आयोग वेगळा झाला. जपानमध्ये नियमन करणारी संस्था अणुऊर्जेला चालना देणाऱ्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्याच छत्राखाली होती. मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर ती मोडीत काढून सप्टेंबर २०१२ मध्ये नवे नियामक प्राधिकरण पर्यावरण मंत्रालयाच्या कक्षेत, पण त्या मंत्रालयाच्या आदेशांपासून मोकळे असे स्थापन झाले. कागदावर विभाग निराळा होता, छत्र मात्र एकच होते. ‘परिणामकारक’ या विशेषणाचा सारा भार या उदाहरणात दिसतो, त्यामुळे अनुवादात ते विशेषण कदापि गाळू नये. तुर्कस्तानातही प्रसार आणि नियमन ही दोन्ही कामे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून नियमन काढून घेऊन २०१८ मध्ये ते नव्या संस्थेकडे दिले गेले, आणि त्याच वर्षी अक्कुयू येथे पहिल्या अणुभट्टीचे बांधकाम सुरू झाले. नवागत देशाने हे काम आधीच उरकलेले बरे.

आणखी एक प्रतिसाद

‘लायसन्स’विषयी. कायद्याच्या मराठीत ‘अनुज्ञप्ती’ रूढ आहे आणि कायद्याचे कलम उद्धृत करताना तोच शब्द ठेवावा. लेखाच्या ओघात ‘परवाना’ आणि ‘परवानाधारक’ वापरल्याने काहीही बिघडत नाही. वाचकाला ते लगेच कळते. मला काळजी वाटते ती ‘मंजुरी’ या शब्दाची, जो वृत्तपत्रांत या ठिकाणी सर्रास येतो. मंजुरी योजनेला मिळते, खर्चाला मिळते. तीत ‘हे व्हावे’ असा होकार असतो. देशाला अणुवीज हवी की नको हा होकार-नकार सरकारचा आणि संसदेचा आहे. नियामकापुढचा प्रश्न निराळा असतो : या जागेवर, या रचनेची अणुभट्टी, या संस्थेने, या माणसांकरवी चालवली तर ठरवलेल्या आवश्यकता पुऱ्या होतात का? ‘नियामकाने प्रकल्पाला मंजुरी दिली’ असे लिहिले की नियामक प्रकल्पाच्या बाजूचा ठरतो, आणि आधीच्या प्रतिसादात सांगितलेली विलगता वाचकाच्या मनात तिथेच पुसली जाते.

शिवाय हा परवाना एकदाच दिला जात नाही. जागेची निवड, बांधकाम, इंधन भरणे व चाचण्या, संचालन आणि शेवटी केंद्र मोडीत काढणे अशा टप्प्यांवर निर्णय होतात. कोणत्या टप्प्याला स्वतंत्र परवाना लागतो हे देशोदेशी वेगळे असते. अणुभट्टीच्या इमारतीच्या पायात पहिले काँक्रीट ओतले जाते तो दिवस बांधकामाचा औपचारिक आरंभ मानतात. बांगलादेशात रूपपूर येथे तो ३० नोव्हेंबर २०१७ रोजी आला, आणि तेथील नियामक संस्था ज्या कायद्याखाली स्थापन झाली तो २०१२ चा आहे. ही दोन वर्षे लेखात शेजारी-शेजारी ठेवली तर क्रम आपोआप स्पष्ट होईल.

विचारणा करणाऱ्याकडून

‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ यांत मी आजवर फरक करत नव्हतो. तो काटेकोरपणे पाळावा का?

प्रतिसाद

या विषयात अवश्य पाळावा. अपघात आणि किरणोत्सर्गापासून माणसांचे व पर्यावरणाचे रक्षण म्हणजे ‘सुरक्षितता’. चोरी, घातपात, अनधिकृत प्रवेश यांपासून अणुसामग्रीचे आणि केंद्राचे रक्षण म्हणजे ‘सुरक्षा’. वर उल्लेखिलेल्या १९ विषयांत हे दोन विषय निरनिराळे आहेत. ज्या भाषांत दोन शब्द नाहीत त्यांची अडचण होते. स्पॅनिशमध्ये एकाच शब्दाला ‘तांत्रिक’ आणि ‘भौतिक’ अशी विशेषणे जोडून काम भागवावे लागते. मराठीला ही सोय आयती आहे, ती दवडू नये.

फरक किती प्रत्यक्ष आहे हे संकटकाळी बाहेर पडण्याच्या दरवाजापाशी उभे राहिले की कळते. आग लागली किंवा किरणोत्सर्गाचा इशारा वाजला तर आतल्या माणसाला तो दरवाजा एका धक्क्यात उघडता आला पाहिजे, ही सुरक्षिततेची मागणी. तोच दरवाजा बाहेरून कोणाला उघडता येऊ नये, आणि आतून कोणी काही घेऊन निसटले तर ते लपून राहू नये, ही सुरक्षेची मागणी. दोन्ही मागण्या एकाच कुलपावर येऊन आदळतात, आणि ते कुलूप कसे असावे हे दोन्ही विषयांच्या जाणकारांना एकत्र बसून ठरवावे लागते. विनियमात दोहोंसाठी ‘सुरक्षा’ हा एकच शब्द असेल, तर त्या बैठकीत कोण कशाविषयी बोलतो आहे हेच कळणार नाही.

‘सेफगार्ड्स’ हा तिसरा विषय, आणि त्याला ‘रक्षणोपाय’ म्हणणे मला दिशाभूल करणारे वाटते, कारण त्यात केंद्राचे रक्षण होत नाही. अणुसामग्री शस्त्रांकडे वळवली गेलेली नाही याची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडून होणारी पडताळणी, असा त्याचा अर्थ आहे. निरीक्षक सामग्रीचा हिशेब तपासतात, इंधनाच्या जुड्या मोजतात, सील लावतात, कॅमेरे बसवतात. फ्रेंच आणि रशियन भाषांत यासाठी ‘हमी’ या अर्थाचा शब्द आहे. मराठीतही ‘हमी-पडताळणी’ म्हणावे आणि पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात अर्थ द्यावा.

आणखी एक प्रतिसाद

नामांची चर्चा बरीच झाली. क्रियापदांकडेही लक्ष वेधावेसे वाटते, कारण नियमांचे बळ तिथे असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षितता मानकांत ‘आवश्यकता’ आणि ‘मार्गदर्शिका’ अशा दोन पातळ्या आहेत. पहिलीतील वाक्य बंधनकारक धाटणीचे असते, दुसरीतील शिफारशीचे. इंग्रजीत त्यासाठी ‘शॅल’ आणि ‘शूड’ ही दोन साहाय्यक क्रियापदे ठरलेली आहेत. मराठीत मात्र ‘करावे’ हे एकच रूप आज्ञाही करते आणि सल्लाही देते. ‘परवानाधारकाने निरीक्षकास कोणत्याही वेळी प्रवेश द्यावा’ या वाक्यात हुकूम आहे की विनंती, हे वाक्यावरून सांगता येत नाही. आपल्या कायद्यांच्या मराठीत यावर उपाय म्हणून ‘देईल’, ‘करील’ अशी भविष्यकाळी रूपे योजतात. कायदा वाचण्याची सवय असलेल्याला त्यातला आदेश कळतो, इतरांना ते भाकीत वाटते. म्हणून लेखात बंधनकारक तरतुदीसाठी ‘देणे बंधनकारक आहे’ आणि शिफारशीसाठी ‘देणे इष्ट आहे’ असे लिहावे, आणि ‘द्यावा’ हे रूप या दोन्ही ठिकाणी टाळावे. वाक्ये थोडी लांबतील, पण अर्थ डळमळणार नाही.

जाता जाता ‘जबाबदारी’ आणि ‘दायित्व’ यांविषयी, कारण आरंभीच्या प्रतिसादात पहिला शब्द आला आहे. अणुअपघातामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईविषयी १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. त्यानुसार दोष सिद्ध झाला नाही तरी भरपाई देण्याचे बंधन चालकावरच येते, आणि नुकसान झालेल्याने सामग्री पुरवणाऱ्यावर दावा करण्याचा मार्ग सामान्यतः बंद असतो. हे आर्थिक बंधन म्हणजे ‘दायित्व’. सुरक्षितता राखण्याची ‘जबाबदारी’ त्याहून निराळी आहे. ती अपघाताच्या आधी, रोजच्या कामात असते आणि नियामक तपासतो तीच. पहिल्या कार्यक्रमाच्या कायद्यात हे दोन्ही विषय पुष्कळदा एकाच मसुद्यात येतात, तेव्हा ‘दायित्व’ हा शब्द भरपाईच्या प्रकरणापुरताच राखून ठेवावा.