मदत हवी आहे: नोकरीतल्या खंडाबद्दल मुलाखतीत काय सांगावं?

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात अकाउंट्स विभागातल्या जागेसाठी मुलाखत आहे. बँकेचा ताळमेळ, महिनाअखेरचे हिशेब, एक्सेल, यांवर काहीही विचारू देत, तिथे मी डगमगत नाही. गाडी अडते ती 'मधली दोन वर्षं काय करत होतात?' या प्रश्नावर. वडिलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडली होती, पण सांगताना उत्तर लांबत जातं आणि सूर कैफियतीचा होतो. स्टार पद्धतीने, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने बोलावं म्हणतात. आता आजारपणाचा 'परिणाम' काय सांगणार! मुलाखती घेणाऱ्यांना विचारायचंय, नोकरी सोडल्याचं कारण एका वाक्यात उरकून थेट कामाच्या विषयावर यावं का? आणि पगाराचा विषय निघाला तर आकडा आधी आपण बोलावा की त्यांनाच विचारावं?